दहीभात चालेल

मेटेने कॉफीच्या कपात साखरेऐवजी सायकलची किल्ली टाकली आणि ती चमच्याने ढवळत बसली, तेव्हा शलाकाला आधी हसूच आलं.

"अगं, ती विरघळायला वेळ लागेल," शेगडीपाशी धिरडं उलटत ती म्हणाली.

मेटेने मान वर केली. तिचे डोळे शलाकाच्या चेहऱ्यावर येऊन थांबले, पण त्यांत ओळख नव्हती. "खिडकीला जेवायला बोलव," ती अगदी शांतपणे म्हणाली. "कालपासून उपाशी आहे ती."

शलाकाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तव्यावर धिरड्याची कड काळी पडायला लागली.

रक्तात अमोनिया वाढला की माणूस प्रथम असंबद्ध बोलतो, मग पेंगुळतो, मग उठत नाही. हे वाक्य शलाकाने स्वतःच्या प्रबंधात, पहिल्याच प्रकरणात, व्यवस्थित संदर्भ देऊन लिहिलं होतं. आता ते वाक्य तिच्यासमोर स्टुलावर बसून कॉफी ढवळत होतं.

रुग्णवाहिका येईपर्यंत मेटेचं डोकं टेबलावर टेकलं होतं.

शलाका नाईकनवरे मूळची बार्शीची. डेन्मार्कच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहानशा विद्यापीठात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला आली, त्याला दोन वर्षं होत आली होती. मेटे तिच्या शेजारच्या खोलीत राहायची. दोघींचं स्वयंपाकघर एक, फ्रीज एक, आणि फ्रीजमधले कप्पे कोणाचे यावरचं भांडणही एकच, रोजचं.

मेटेच्या यकृतात जन्मापासून एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होत नसे. आपण डाळ खातो, अंडं खातो, पनीर खातो. त्यातली प्रथिनं शरीरात मोडली जाताना अमोनिया तयार होतो. न धुतलेल्या मुतारीत नाकाला झोंबतो, तोच. तो मेंदूला विषारी असतो, म्हणून यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर काढतं. मेटेचं यकृत हे काम करू शकत नव्हतं. त्यामुळे ज्या देशात घरोघर चीज खातात, तिथे ती बटाटे, फळं आणि औषधांच्या पुड्यांवर वाढली. वाढदिवसाचा केक तिने आयुष्यभर फक्त कापला होता.

मग प्रोफेसर हेनिंग यांचा जिवाणू आला. दुधाचं दही करणाऱ्या एका साध्या जिवाणूला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या: माणसाच्या आतड्यात मुक्काम टाकायचा, आणि अमोनिया भेटला की तो गिळून त्याचं निरुपद्रवी अमिनो आम्ल करायचं. दह्याचाच जिवाणू का, तर माणूस त्याला हजारो वर्षं खात आला आहे. त्याची भीती कोणाला वाटणार? चाचणीतल्या स्वयंसेवकांत मेटे होती. त्या जिवाणूंना ती "माझे भाडेकरू" म्हणायची.

किती भाडेकरू टिकतात हे मोजणं, हाच शलाकाच्या प्रबंधाचा विषय. शौचाच्या नमुन्यांच्या डब्यांवर नावं नसत, नुसते आकडे. पण मेटेने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "सतरा नंबरचा डबा माझा. आधीच माफी मागते."

भाडेकरू टिकले. मेटेने चीज खाल्लं, मासा खाल्ला, अंड्याचं ऑम्लेट खाऊन रडली. आणि ज्या कंपनीने हे औषध विकत घेतलं, तिला भारतात ते नेण्यासाठी माणूस हवा होता. पुण्याच्या केंद्राची शास्त्रीय जबाबदारी, स्वतःची प्रयोगशाळा, हाताखाली चार माणसं. शलाकाच्या मामांनी फोनवर टोमणा मारला होता, "सगळे जाऊन तिकडचेच होतात, आणि ही शिकून परत येणार म्हणे! पुणं काय, एसटीने पण गाठता आलं असतं." तिला मात्र नेमकं हेच हवं होतं. परत जायचं, पण काहीतरी घेऊन जायचं. शुक्रवारी दुपारी करारावर सही होती.

मेटे बुधवारी सकाळी कोसळली.

दुपारपर्यंत तिचं रक्त यंत्रावर शुद्ध व्हायला लागलं होतं. हेनिंग रुग्णालयाच्या बाकावर कोटाची बटणं चुकीची लावून बसले होते. या देशात प्रोफेसरांनाही नुसत्या नावाने हाक मारतात. पहिल्या दिवशी शलाकाने "सर" म्हटलं, तेव्हा हेनिंग मागे वळून कोण आलंय ते बघत होते. आता ती "हेनिंग" म्हणायची, मनात मात्र अहो-जाहोच.

"सतरा नंबरचा नमुना लाव," ते म्हणाले. "मला वाटतं, भाडेकरू कमी झालेत."

ते कमी झाले नव्हते. एकही उरला नव्हता.

गुरुवारी सकाळी शलाकाने बशी उजेडात धरली. काचेच्या बशीत खाद्यावर हे जिवाणू वाढवले की सकाळी आरशावर श्वास सोडल्यासारखा एकसारखा धुरकट थर दिसतो. तिने ताज्या, निरोगी भाडेकरूंचा असा थर वाढवला होता आणि त्यावर मेटेच्या नमुन्याचे थेंब सोडले होते. जिथे जिथे थेंब पडला, तिथे तिथे थराला स्वच्छ गोल भोक पडलं होतं. आरपार.

"फाज," हेनिंग पुटपुटले.

फाज म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू. माणसाला तो काहीच करत नाही. त्याचं सगळं वैर जिवाणूंशी, तेही ठरावीक जातीच्या. जिवाणूच्या अंगात शिरतो, आपल्या शंभर प्रती काढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. चीजच्या कारखान्यांत दुधाचं भलंमोठं पिंप यापायी वाया जातं, म्हणून तिथले लोक फाजला आगीइतके भितात.

"पण तो तिच्या पोटात आला कुठून?" हेनिंग म्हणाले. "दुकानात मिळणारं प्रत्येक दही आपण तपासलं होतं. एकातही नव्हता."

"फ्रीज तपासू," शलाका म्हणाली. "सगळाच्या सगळा."

शोधायचं तर सगळं शोधायचं, अर्धवट नाही. तिने चीज घेतलं, दूध घेतलं, व्हिनेगरमधला मासा घेतला, कोणीतरी विसरलेली क्रीमची डबी घेतली. एकही कप्पा सोडायचा नाही म्हणून आपली दह्याची वाटी घेतली. आणि वरच्या मजल्यावरच्या नेल्लोरच्या वेंकटने घरच्या विरजणावर लावलेला दह्याचा डबाही घेतला. "परत दे हां," वेंकट म्हणाला, "तुझ्या दह्यासारखं आंबट ढाण नाहीये ते."

शुक्रवारी सकाळी सगळ्या बशा धुरकट होत्या. दोन सोडून.

शलाका त्या दोन बशांकडे बघत उभी राहिली. एक वेंकटची. एक तिची. तिच्या बशीतलं भोक इतकं नितळ होतं, की त्यातून खालच्या टेबलाचा ओरखडा दिसत होता.

येताना आईने विरजण दिलं होतं. स्वच्छ सुती रुमाल दह्यात बुडवून सावलीत कडक वाळवलेला. इथे आल्यावर कोमट दुधात रुमालाचा तुकडा टाकला, की सकाळी बार्शीचं दही. तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी तिने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. हिंग-मोहरीची फोडणी, वरून तळलेली सांडगी मिरची, आणि दहीभात. मेटेने तीनदा मागून घेतला. "हे इतके दिवस तू लपवून ठेवलंस?" म्हणाली. तेव्हापासून ती रोज एक वाटी दही खात होती. चाचणीत दही चालत होतं. म्हणून कोणालाच काही वाटलं नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधर शलाकालाही नाही.

तिने आईला फोन लावला.

"आई, आपलं विरजण मूळचं कुठलं गं?"

"झालं? फोन केला तो हाच प्रश्न विचारायला? जेवलीस का काही?"

"आई, सांग ना."

"अगं, आपलं मधे एकदा नासलं होतं, तू बारावीत असताना. तेव्हा शेजारच्या मुल्लाकाकूंकडून आणलं. त्यांचं त्यांच्या सुनेने परांड्याहून आणलेलं. आता आपलं खालच्या देशमाने बाईंकडे गेलंय, तुझ्या आत्याकडे पंढरपूरला गेलंय, ती नवीन तलाठीण आलीये ना, तिच्याकडे गेलंय."

"सगळ्यांना देतेस?"

"विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणतात का कुणी? आणि काय गं, आवाज असा का येतोय तुझा?"

शलाकाने काहीतरी सांगून फोन ठेवला. तिला आता सगळं दिसत होतं, एखाद्या नकाशासारखं. दुकानातलं दही दर वेळी कारखान्यातल्या ताज्या, निवडक जिवाणूंपासून लागतं. आपल्याकडे कालच्या दह्यातून आजचं, आजच्यातून उद्याचं. वर्षानुवर्षं. त्यात जिवाणू असतात तसे फाजही असतात. दोघांनी एकमेकांची सवय करून घेतलेली असते. फाज मारतात, चिवट जिवाणू उरतात, दही लागत राहतं. घरात कुणाला पत्ताही नसतो. एक वाटी शेजारी जाते, तिथून सासरी, तिथून दुसऱ्या जिल्ह्यात. आणि या जुन्या घरोब्यात हेनिंगचे भाडेकरू नवखे होते. प्रयोगशाळेत वाढलेले. त्यांनी फाज कधी पाहिलाच नव्हता.

हे औषध डेन्मार्कमध्ये चाललं, कारण इथे कोणी घरी दही लावत नाही.

मग तिला पुण्याची आठवण झाली.

भारतातल्या मुलांना औषध सुरू केल्यावर पहिलं अन्न काय द्यावं, असं कंपनीने तिला विचारलं होतं. तिने व्हिडिओ कॉलवर चार-पाच आयांशी बोलून सल्ला दिला होता. चिंचवडच्या वैशाली फडतरे त्यातल्या एक. त्यांची जुई सहा वर्षांची, मेटेचाच आजार. "मॅडम, मला बाकी काही नको," त्या म्हणाल्या होत्या. "तिला एकदा माझ्या हाताने दहीभात भरवायचाय." शलाकाने त्याच संध्याकाळी कंपनीला लिहिलं: पहिलं अन्न म्हणून दहीभात चालेल. लिहिताना तिला फार छान वाटलं होतं.

कंपनीचे भारतातले प्रमुख मकरंद बोपर्डीकर. त्यांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"या, या, नाईकनवरे मॅडम! सही दीड वाजता ना? मी नवीन शर्ट घातलाय."

तिने एका दमात सगळं सांगितलं.

"हे बघ शलाका," ते म्हणाले, आवाज एकदम खाली आणून. "दोन बशा. दोन बशांवर एवढं मोठं बोलतात का?"

"सर, दोन बशा आणि अतिदक्षता विभागात मेटे."

"मान्य. मुख्यालयाच्या प्रयोगशाळेला खात्री करू दे. आज तिकडे शुक्रवार, दुपारनंतर तुमच्याकडे चिटपाखरू नसतं, तुला माहितीये. सोमवारी बैठक लावतो."

"चालेल. तोवर पुण्यात कुणाला डोस द्यायचा नाही, एवढंच कळवा."

बोपर्डीकरांनी नुसता घसा खाकरला.

"सर?"

"तुला सरप्राइज द्यायचं होतं गं सहीच्या वेळी," बोपर्डीकर म्हणाले. "पहिली तीन मुलं गेल्या आठवड्यात दाखल केली. भाडेकरू मस्त रुजले. काल घरी सोडलं त्यांना. पथ्य उठवून."



"सर, त्यांना आत्ता फोन करा. आत्ताच्या आत्ता."

"आणि सांगू काय? घरचं दही विषारी आहे? उद्याच्या पेपरात छापून येईल, आणि हे औषध भारतात परत दहा वर्षं येणार नाही. या मुलांचंच नुकसान. मी डॉक्टरांना सांगतो लक्ष ठेवायला. रीतसर. तू कुणाला काही बोलू नकोस, गुप्ततेच्या अटीवर तुझी सही आहे, विद्यार्थी म्हणून केलेली. आणि दीड वाजता भेटू. डोकं शांत ठेव, बाळा. तू या पदावर असशील तरच पुढे काही दुरुस्त करू शकशील ना?"

त्यांचं शेवटचं वाक्य अगदीच खोटं नव्हतं. तेच वाईट होतं.

तिने पुण्याच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर परिषदेला गेले होते. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, निरोप ठेवा. तिने हेनिंगना फोन लावला. ते मेटेच्या खोलीबाहेर होते.

"मी कंपनीला आणि नीतिसमितीला कळवलंय," ते म्हणाले. आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "मला तेवढाच अधिकार आहे. समिती सोमवारी बसेल. शलाका, तू काय करावंस हे मी तुला सांगू शकत नाही. तुझा इथला राहण्याचा परवाना, तुझी नोकरी... थांब, मेटेला बोलायचंय."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मेटेचा आवाज कागदासारखा पातळ होता, पण तिचाच होता.

"तुझ्या आईला सांग, दही खरंच छान होतं."

शलाकाला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "मेटे, तुला काय काय आठवतंय?"

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे. मला त्रास होतोय असं मला एकदाही वाटलं नाही. नुसती छान झोप येत होती."

फोन ठेवल्यावर शलाका क्षणभरच बसली. वैशालीताईंचा नंबर तिच्याकडे होता; दिवाळीला त्यांनी रांगोळीचा फोटो पाठवला होता. पुण्यात पाच वाजत आले असतील.

"अगं बाई, शलाका मॅडम!" वैशालीताई जवळजवळ ओरडल्याच. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला! आत्ताच हे म्हणत होते, मॅडमना व्हिडिओ पाठवू. काल घरी आणलं तिला. काल चार घास खाल्ले, आणि आज दुपारी दोन वाट्या दहीभात! वाटी अक्षरशः चाटून पुसून. वर परत पनीर मागितलं कार्टीने."

"ताई, दही कुठलं होतं?"

"घरचं! साताऱ्याहून आईकडचं विरजण मुद्दाम आणवलं. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या दहीभाताला पिशवीतलं दही कसं वापरणार?"

"जुई आत्ता काय करतेय?"

"झोपलीये. एरवी दुपारची कधी झोपत नाही हो, घर डोक्यावर घेते. आज पोटभर जेवली ना, गाढ..."

"ताई, तिला उठवा."

"अं?"

"आत्ता. फोन चालू ठेवा आणि उठवा."

पावलं वाजली. पंख्याचा आवाज मोठा झाला. "जुई. ए जुई. ऊठ बाळा, मॅडमचा फोन आलाय. जुई!" मग जरा वेळाने, बदललेल्या आवाजात, "मॅडम, ही डोळे उघडतेय आणि परत मिटतेय."

"ताई, नीट ऐका. पोटातलं औषध मरत असणार. घरच्या दह्यामुळे. तिचा अमोनिया चढत असेल. तिला लगेच मोठ्या रुग्णालयात न्या, जिथे रक्त शुद्ध करायचं यंत्र आहे तिथे. दारातच सांगा, अमोनिया तपासा. दुसरं काही सांगत बसू नका, हेच सांगा. तोंडाने काही देऊ नका."

"पण दहीभात चालेल असं तुम्हीच..." वैशालीताईंचा आवाज फाटला. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"हो. मीच सांगितलं होतं. माझी चूक झाली."

समोर लॅपटॉपच्या पडद्यावर बोपर्डीकरांचा व्हिडिओ कॉल वाजायला लागला. सहीची वेळ झाली होती. शलाकाने झाकण खाली ओढलं.

"हे तुम्ही कंपनीकडून सांगताय का?" वैशालीताईंनी विचारलं. त्या रडत नव्हत्या. शलाकावर आणखी एकदा विश्वास ठेवायचा की नाही, एवढंच त्या ठरवत होत्या.

"नाही," शलाका म्हणाली. "कंपनीने सांगू नको म्हटलंय. तुम्ही त्यांना विचारलंत तर ते म्हणतील, सोमवारपर्यंत थांबा. सोमवारपर्यंत थांबू नका, ताई. आणि काल तुमच्याबरोबर आणखी दोन मुलं घरी गेली ना? त्यांच्या आयांचे नंबर आहेत तुमच्याकडे?"

"एकीचा आहे. दुसरीचा तिच्याकडे असेल."

"मला पाठवा. मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही निघा."



मग वैशालीताई आतल्या खोलीकडे तोंड करून किंचाळल्या, "अहो! गाडी काढा! कपडे राहू द्या, तशीच काढा!"

फोन कोणी बंद केला नाही. शलाका तो कानाला लावून उभी राहिली. दार आपटलं. जिना उतरणाऱ्या पावलांबरोबर एका बाईचा धापा टाकणारा श्वास. गाडीचं दार, इंजिन, मग चिंचवडचे हॉर्न, एकात एक मिसळलेले. "जुई, झोपायचं नाही. बघ, सिग्नल बघ. कोणता दिवा लागलाय? जुई!" हॉर्न. "बोल ना बाळा, काहीही बोल."

कोणीच बोललं नाही. शलाकाने डोळे मिटले.

मग, हॉर्नांच्या मधूनच, एक झोपाळलेला, चिडका, बारीक आवाज आला.

"आई, पट्टा टोचतोय गं."

"टोचू दे," वैशालीताई म्हणाल्या, आणि आता त्या रडायला लागल्या. "टोचू दे, राणी. अजून बोल."

शलाकाच्या हातात फोन थरथरला. वैशालीताईंनी गाडीतूनच नंबर पाठवला होता. तिने डोळे पुसले आणि तो लावला.